अभिमननं गाडी पालथी घातली नाही

अभिमन गाडीवानानं फटफटी पालथी घातली, असं आमच्या गावात आजही सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकानंही ती गाडी दहा पावलं ढकलूनसुद्धा पाहिलेली नाही. ज्यांना बैलगाडीत नीट चढता येत नाही, अशी माणसं पारावर बसून वळण कसं घ्यावं याचे धडे देतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी पितांबर. ज्या दवाखान्याची ती गाडी, तिथला कंपाउंडर. गाडी आली तेव्हा मी होतो, पडली त्या दिवशी होतो आणि चौकशीलाही होतो. तेव्हा हे मीच सांगायला हवं.

गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. शिंदखेड्यापासून चार-पाच कोसांवर आहे, एवढं पुरे. तिथं एक प्रसूतीचा धर्मार्थ दवाखाना होता. तो एक मंडळ चालवायचं. मंडळ म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे, जिनचे मालक हिलाल नाना, आणि नाना बोलले की मान हलवणारी चार माणसं. दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा धुळ्याहून यायचे. बाकी सगळा भार इंदिराबाईंवर. या बाई मूळच्या जळगावच्या, सुईणकामाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या. वय तिशीचं, लहानपणीच विधवा झालेल्या. आजूबाजूची सोळा खेडी त्यांच्याकडं होती. निरोप आला की त्या छकड्यात बसून निघायच्या, आणि बऱ्याचदा त्या पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

सन सेहेचाळीसच्या सुरुवातीला, लढाई संपल्यावर, देवळालीला लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. नानांनी तिथून एक फटफटी उचलली. तीनचाकी. म्हणजे नेहमीची दोन चाकं, आणि डाव्या अंगाला तिसऱ्या चाकावर बसवलेला एक माणूस बसेल असा पत्र्याचा डबा. बाईंना खेड्यांवर वेळेत पोचता यावं म्हणून घेतली, असं नानांनी जाहीर केलं. हेतू चांगला होता, ते मी नाकारत नाही. पण गाडीला हार घालताना नाना ज्या तोऱ्यात उभे होते, तो तोरा पुढं सगळ्यांना भोवला.

आता चालवणार कोण? पहिला हक्क नानांच्या पुतण्याचा, रतिलालचा. हा पठ्ठ्या सायकल हात सोडून चालवायचा आणि बायका पाणी भरत असतील तिथून मुद्दाम दोनदा जायचा. तो ऐटीत बसला, किक मारली, सुटला. पहिलं वळण आलं तशी त्यानं सायकलवर झोकतात तसं अंग झोकलं. गाडीनं त्याच्या झोकण्याला दाद दिली नाही. ती सरळ गेली ती निवडुंगाच्या कुंपणात. रतिलाल तीन दिवस पालथा झोपून होता आणि मी चिमट्यानं काटे काढत होतो. त्याच्यानंतर आणखी दोन सायकलवाल्यांनी हौस भागवली. त्यातला एक उकिरड्यात गेला, दुसरा देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोचला.

मग नानांनी धुळ्याहून झुलालला बोलावलं. झुलाल लष्करातून सुटून आलेला शिपाई. मिसर देशात वाळवंटात त्यानं दोन वर्षं अशीच तीनचाकी चालवून निरोप पोचवले होते. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, रतिलालची हकिकत ऐकली आणि म्हणाला, "ज्याले सायकल येत नही, असा मानूस माले द्या."

सगळे हसले. पण तो थट्टा करत नव्हता. सायकलवाल्याचं अंगच त्याला धोका देतं, असं त्याचं म्हणणं. नेमका त्याच वेळी अभिमन दवाखान्यात जळाऊ लाकडं टाकायला आला होता.

अभिमनचं वय चाळिशीच्या आसपास. काटक, लाल मुंडासं, कानात बाळी, आणि बोलणं इतकं कमी की नवखा माणूस त्याला मुका समजायचा. वीस वर्षं त्यानं नरडाण्याच्या आणि शिंदखेड्याच्या जिनांपर्यंत कापसाच्या गाड्या हाकल्या होत्या. लाकडं उतरवताना त्यानं मधेच आपल्या बैलगाडीकडं पाहिलं आणि मागचे दोन ओंडके उचलून पुढं ठेवले. मागं ओझं राहिलं की गाडी उलार होते, म्हणजे पुढून उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. झुलाल ते पाहत होता. "हाऊ माले जोयजे," तो अभिमनकडं बोट करून म्हणाला.

गाडीवान म्हणून अभिमनचं नाव काय होतं, ते इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या नावावर आहे. आमच्याकडच्या गाडीवानांची एक रीत होती. कुठं गाडी उलटली, तर त्याच दिवशी चार जुने गाडीवान जागेवर जायचे, चाकांच्या खुणा पाहायच्या आणि दोष कोणाचा ते ठरवायचं. रस्त्याचा, ओझ्याचा, की हाकणाऱ्याचा. भरती चुकीची असली तरी दोष हाकणाऱ्याकडंच, कारण ओझं पाहून घेणं त्याचं काम. अपवाद एकच, ओझ्याच्या मालकानं हट्टानं तसं भरायला लावलं असेल तर. दोष हाकणाऱ्याचा ठरला की त्याला पुढं कोणी माल देत नसे. दंड नाही, शिवीगाळ नाही. नुसतं कोणी बोलावत नसे. अभिमनसाठी हे चार गाडीवान वीस वर्षांत एकदाही जमले नव्हते. नाव जपणं म्हणजे काय, हे त्यानं असं पोटाशी बांधून ठेवलं होतं.

शिकवणी सुरू झाली वेचणी झालेल्या कापसाच्या रानात. पहिल्या दिवशी झुलालनं सांगितलं, थांबायचं असेल तर पायानं ब्रेक दाब. अभिमननं मान हलवली. गाडी सुरू झाली, समोर कडब्याची गंजी आली, आणि वीस वर्षांची सवय उफाळून आली. त्यानं "होऽ होऽ" म्हणत कासरा ओढतात तसं दोन्ही हातांनी हँडल आपल्याकडं ओढलं. आता त्या गाडीला तेल द्यायचं तेही उजव्या मुठीनंच, मूठ आपल्याकडं पिळून. तो जितका "होऽ" म्हणत ओढत गेला, तितकी गाडी जोरात सुटली. गंजीत अर्धी गेल्यावरच थांबली. आम्ही धावलो. कडब्यातून मुंडासं बाहेर आलं आणि अभिमन अतिशय गंभीरपणे म्हणाला, "हाई आयकत नही."

झुलाल जमिनीवर बसून हसला. मग उठून त्यानं त्या दोन मुठींना हाताला ओळखू याव्यात म्हणून वेगवेगळ्या चिंध्या बांधल्या आणि गाडी बंदच ठेवून त्याला दिवसभर नुसतं बसवून ठेवलं. डोळे मिटून ब्रेक कुठं, क्लच कुठं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू केली. "हाई सायकल नही शे," झुलाल सांगायचा. "आंग कितलं बी वाकाड, हाई वळाव नही. हँडल वळाव. आनि ध्यानमा ठेव, तेल दिधं का हाई डावीकडे वढस, बिरेक दाबा का उजवीकडे."

अभिमननं थोडा विचार केला. "म्हंजे डावा बैल आळशी शे," तो म्हणाला. "चालताना मांगे ऱ्हास, थांबताना पुढे पयस."

झुलालनं त्याच्याकडं बघितलं आणि नंतर मला म्हणाला, की लष्करात साहेबांनी हेच फळ्यावर चित्रं काढून दोन दिवस शिकवलं होतं.

पण खरा धडा पाचव्या दिवशीचा. झुलालनं डबा रिकामा ठेवून गाडी स्वतः हाती घेतली, रानात गोल फिरवली आणि एका डाव्या वळणावर जरा वेग ठेवला. तिसरं चाक जमिनीवरून हातभर उचललं. डबा हवेत. आणखी थोडं वळवलं असतं तर गाडी उजव्या अंगाला पालथी झाली असती. मग त्यानं डब्यात दीड मणाचं वाळूचं पोतं टाकलं, तेच वळण त्याच वेगात घेतलं, आणि चाक जमीन सोडायला तयार नाही. "डब्बामा मानूस नही, ते वाळू पाहिजे," तो म्हणाला. "दोन्ही नही, ते गाडी दारमा उभी ऱ्हाऊ दे." अभिमनला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून गाडीला हात लावण्याआधी तो डब्यात वाकून बघायचा.

इंदिराबाईसुद्धा शिकल्या. डब्यात बसणाऱ्याचंही काम असतं. डावं वळण आलं की डाव्या कडेवर रेलायचं, म्हणजे वजन बाहेर पडतं आणि चाक बसून राहतं. बाईंनी पदर खोचला आणि दोन तास रानात रेलून दाखवलं. महिन्याभरात अभिमनला धुळ्याहून लायसन मिळालं. त्यानं ते मेणकापडात गुंडाळून मुंडाशात ठेवलं.

पुढचे तीन महिने दवाखान्याचे सोन्याचे दिवस होते. छकड्याला जिथं तीन तास लागायचे, तिथं बाई अर्ध्या-पाऊण तासात पोचायच्या. त्या तीन महिन्यांत खेड्यांवर एकही बाळंतीण हातची गेली नाही. गाडीचा आवाज आला की बायका दारात येऊन हात जोडायच्या. अभिमन त्यांच्याकडं बघायचासुद्धा नाही, त्याचं लक्ष रस्त्यावर.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. लेकीबाळी माहेरी आल्या, झाडाझाडाला झोके बांधले गेले, गावभर गप्पांना ऊत आला. आणि कोण्या एका शहाण्याच्या लक्षात आलं की इंदिराबाई अभिमनच्या डाव्या अंगाला बसतात. डावी बाजू बायकोची! लग्नात, पूजेत, सगळीकडं बायको डावीकडं. परपुरुषाच्या डावीकडं विधवा बाई बसते, आणि वळणावर कलतेसुद्धा! कलते ती त्या माणसापासून लांब, बाहेरच्या बाजूला कलते, हे बघायला डोळे कोणाला होते? गाडी त्या कलण्यानं शाबूत राहते, हे विचारायची कोणाला गरज होती? ज्यांच्या सुनांची सुटका या बाईंनी केली होती, त्या घरांतून ही कुजबुज आली. मला तेव्हाही चीड आली होती, आजही येते. साहेबाच्या देशात रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात म्हणून त्यांनी डबा डावीकडं बसवला. त्यांनी आमची लग्नविधीची पोथी उघडून पाहिली नव्हती!

नानांनी मंडळाची बैठक घेतली. मला वाटलं, नाना जिन चालवतात, यंत्रं ओळखतात, दोन शब्द खडसावून सांगतील. नाना म्हणाले, "लोकांच्या भावना आहेत." आणि ठराव झाला. काय ठराव झाला ऐका. इंदिराबाईंनी पूर्वीसारखं छकड्यात बसून जायचं. औषधांची पेटी फटफटीतून पुढं जाईल.

म्हणजे पेटी पाऊण तासात पोचणार, आणि पेटी उघडणारी बाई तीन तासांनी! अडलेल्या बाईनं तोवर पेटीकडं बघत कळा द्यायच्या! मी त्या बैठकीचं टिपण लिहीत होतो. लिहिताना दौत भिंतीवर फेकावीशी वाटली. फेकली नाही. इंदिराबाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्यापैकी कोणाच्या घरी वेळ आली, तर निदान त्या दिवशी तरी मला गाडीत बसवा." नानांनी पुढचा विषय काढला.

अभिमनला मी ठराव वाचून दाखवला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, नाल्यावर गेला, वाळूचं पोतं भरून आणलं आणि डब्यात ठेवलं. पेटीचं वजन ते किती, दोन पायल्या दाण्यांएवढं. तेव्हा पेटीबरोबर वाळू गावोगाव फिरू लागली. पावसाळाभर अशी गेली. चिखलात, ओल्या मातीत, गाडी एकदाही हलली नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. नाना दवाखान्यात आले. डब्यात डोकावले. "हे काय?" मी सांगितलं. नाना लालेलाल झाले. लढाई संपली तरी पेट्रोल अजून कुपनावरच मिळत होतं, आणि ती कुपनं नानांना धुळ्याला खेटे घालून मिळवावी लागत. "कुपनाचं पेट्रोल जाळून नाल्यातली वाळू गावोगाव फिरवता? लोक मला हसतील! काढा ते पोतं!"

मी म्हटलं, "नाना, झुलालनं सांगितलंय..."

"झुलाल शिपाई होता. त्याला सरकारचं पेट्रोल होतं. काढा म्हणतो ना!"

मी काढलं. या हातांनी. अभिमन विहिरीवरून पाणी घेऊन आला तोवर पोतं पायरीपाशी पडलं होतं आणि नाना निघून गेले होते. त्यानं घागर खाली ठेवली. "भाऊ, वाळू काढू नका," तो म्हणाला. "खाली डब्बा डावा वळनवर उठस." खाली म्हणजे रिकामा.

"नानांचा हुकूम आहे," मी म्हटलं. "तू जरा हळू चालव, म्हणजे झालं."

"हळू चालाडसू. पन रस्ता मना एकलाना नही शे," तो म्हणाला. त्यानं पोतं उचलून परत डब्यात ठेवलं. मी ते पुन्हा काढलं. होय, पुन्हा काढलं. आणि वर त्याला म्हटलं की नानांनी पाहिलं तर तुझी आणि माझी दोघांची नोकरी जाईल, तुझं काय, तू बैल हाकशील, मी काय करू? त्यानं घागर उचलली आणि आत गेला.

चौथ्या दिवशी सकाळी दोन कोसांवरच्या वाडीतून भिकुबाई नावाच्या म्हातारीचा निरोप आला. सून पहाटेपासून अडली होती, रक्त जात होतं. इंदिराबाई छकड्यात बसून निघाल्या. मी पेटी भरली, डब्यात ठेवली. अभिमननं डब्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. तो गेला.

नाल्याच्या उतारावर डावीकडं वळण आहे. तो हळूच होता. हे मी म्हणत नाही, वाटेत त्यानं मागं टाकलेल्या बाईंच्या छकड्याच्या गाडीवानानं सांगितलं. पण दिवस कापसाचे. समोरून कापसानं फुगलेली गाडी वळणातच आली, दोन्ही बाजूंना दोन-दोन हात कापूस बाहेर आलेला. अभिमनला डावीकडं आणखी आवळून घ्यावं लागलं. डबा उचलला. गाडी उजवीकडं गेली आणि नाल्याच्या कडेला पालथी झाली. अभिमनच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. पेटीतल्या सगळ्या बाटल्या फुटल्या. इंदिराबाई मागून छकड्यात तिथं पोचल्या, त्याचा हात पदराच्या चिंधीनं गळ्यात बांधला आणि रिकाम्या हातांनी वाडीला गेल्या. भिकुबाईची सून वाचली. मूल वाचलं नाही.

त्याच दुपारी चार जुने गाडीवान नाल्यावर गेले. त्यांत सगळ्यांत वडील भटू आबा. डोळे अधू झालेले, तरी गुडघ्यांवर बसून त्यांनी हातानं खुणा चाचपल्या. मी तिथं होतो. तीन चाकांच्या तीन रेघा उताराला येत होत्या, आणि वळणाच्या अर्ध्यावर डावीकडची रेघ एकदम संपत होती. "तिसरं चाक आठेथीन उठनं," भटू आबा म्हणाले. "गाडी खाली व्हती. आते इतलंच सांगा, खाली कोनी करी?"

खाटेवर पडलेल्या अभिमनला त्यांनी तेच विचारलं. त्यानं सांगितलं, वाळू पितांबरभाऊंनी काढली, नानांच्या हुकमानं. भटू आबा म्हणाले, ठीक, मंडळाची चौकशी होईल, तिथं कंपाउंडर तसं बोलला म्हणजे तू मोकळा. गाडीवानांचा निकाल त्या एका वाक्यासाठी अडून राहिला.

चौकशी पंधरा दिवसांनी जिनच्या कचेरीत झाली. नानांनीच घेतली, म्हणजे ज्याच्या हुकमानं गाडी रिकामी झाली, तोच न्यायाधीश. खुणांचं नाव काढलं तर नाना म्हणाले, गाडीवानांना इंजिनातलं काय कळतं? भटू आबा आणि बाकीचे तिघे दाराबाहेर ओट्यावर बसून होते. दार उघडं होतं.

अभिमन गळ्यात हात अडकवून उभा. नानांनी विचारलं, "वळणावर गाडी का आवरली नाही?"

"डब्बा खाली व्हता," अभिमन म्हणाला. "वाळू पितांबरभाऊसनी काढी. मी नको म्हनेल व्हतं. त्यासले इचारा."

इंदिराबाई उठून म्हणाल्या, "मी निघाले तेव्हा वाळूचं पोतं पायरीपाशी पडलेलं होतं. मी पाहिलं आहे."

"पोतं कोणी काढलं, ते पाहिलंत?"

"नाही."

"मग बसा."

नाना माझ्याकडं वळले. त्यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी सावकाश विचारलं, "कंपाउंडर, ते पोतं कोणाच्या सांगण्यावरून काढलं, तुम्हाला काही ठाऊक आहे?"

दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत माझं बिऱ्हाड होतं. घरात म्हातारी आई होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही, त्या वेळी डोक्यात काय आलं ते सांगतो. सगळे माझ्याकडं पाहत होते. अभिमनच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी खरंच सांगणार, यात त्याला शंका नव्हती.

मी म्हटलं, "माझ्या ध्यानात नाही."

बाहेर ओट्यावर घोंगडी झटकल्याचा आवाज झाला. भटू आबा उठले होते. बाकीचे तिघेही उठले. ते निघून गेले. त्यांच्या लेखी अभिमननं गाडी उलटवली होती, आणि वर दोष दुसऱ्यावर ढकललाही होता.

चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात, असं मंडळानं लिहिलं. अभिमनचं लायसन काढून घेतलं, त्याला कमी केलं. इंदिराबाईंनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि त्या जळगावला परत गेल्या. फटफटी शेडमध्ये पडली, कारण हात लावायची कोणाची छाती नव्हती. सोळा खेड्यांना ना गाडी राहिली ना बाई. गावाच्या भावना मात्र शाबूत राहिल्या!

हाड जुळल्यावर अभिमन माल मागायला जिनात गेला, शेतकऱ्यांच्या खळ्यावर गेला. कोणी वाईट बोललं नाही. कोणी बोलावलंही नाही. तीन महिन्यांत त्याची बैलजोडी गेली आणि तो नरडाण्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागला. मी त्याला येताजाता पाहायचो. तो मला राम राम घालायचा. तो घालायचा, हेच मला सहन होत नसे.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात मला बोदवडच्या एका दवाखान्यात जागा मिळाली. नोकरीचा कागद हातात पडला आणि त्याच दिवशी माझी आठवण परत आली. बघा कशी असते माणसाची आठवण! मी दोन पानं लिहिली. नानांनी काय म्हटलं, मी काय केलं, अभिमननं किती वेळा नको म्हटलं, सगळं तारखेसकट. खाली सही केली आणि त्याच्या घरी गेलो.

अभिमन अंगणात बसून घणाचा दांडा बसवत होता. त्याची बायको ताईबाई उंबऱ्यात होती. मी सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना माझा आवाज चढला होता, नानांचं नाव आलं तिथं तर मी जवळजवळ ओरडलो. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "हे मी मंडळाला देतो. गाडीवानांना दाखव. तुझं नाव स्वच्छ होईल."

ताईबाई म्हणाली, "तधय तुमनी जीभ कोठे गई व्हती, भाऊ?"

अभिमननं तिला हातानं गप्प केलं. "कोनले दाखाडू?" तो मला म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, निदान मला ऐकू आला नाही. "भटू आबा माघमा मरी गया. मन्हावर थुकीसन गया नही, इतलंच. त्या दिवशी तो दारमा बठेल व्हता. तुमना तोंडकडे देखी राहिंता."

मग त्यानं दांडा घणात ठोकून बसवला, हलतो का ते पाहिलं आणि ताईबाईला मला पाणी द्यायला सांगितलं.

मी तो कागद तरीही मंडळाला दिला. नानांनी वाचला आणि फाईलला लावला, त्यापलीकडं त्याचं काही झालं नाही. नानांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, त्या डाव्या अंगवाल्यांवरचा तर नाहीच नाही. पण राग आला की मी स्वतःला गप्प करतो. नानांनी त्या दिवशी फक्त प्रश्न विचारला होता. उत्तर मी दिलं होतं.